वळवाच्या दिवसांत ढग ओळखताना या चुका टाळा

‘गर्जेल तो पडेल काय’ ही म्हण बढाईखोर माणसांसाठी ठीक आहे, ढगांच्या बाबतीत तिच्या भरवशावर राहू नका. गरजतो तो क्युम्युलोनिम्बस, म्हणजे गडगडाटी वादळाचा उंच ढग, आणि मुसळधार सरी, गारा, वीज, झाडं लोळवणारा वारा असं सगळं त्याच्याच पोटात असतं. तुमच्या अंगणात थेंब आला नाही, तर बहुतेक वेळा दोन-चार किलोमीटरवर कुणीतरी भिजलेलं असतं.

उन्हाळ्यातल्या वादळी आठवड्यात सगळ्यांचं पहिलं चुकतं ते रंगावरून अंदाज बांधण्यात. काळा म्हणजे पाऊस, पांढरा म्हणजे निर्धास्त. मीही कित्येक वर्षं हेच करत होतो. एका संध्याकाळी पश्चिमेला काळंकुट्ट दिसलं म्हणून दोरीवरचे कपडे धावत काढले. टिपूस पडला नाही. दुसऱ्या दिवशी पूर्वेला पांढराशुभ्र, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा ढग उभा होता. छान दिसतोय म्हणून फोटो काढला आणि पाऊण तासात गारा झेलल्या. कारण साधं आहे. दुपारनंतर सूर्य पश्चिमेला असतो. त्या बाजूच्या ढगाची आपल्याला सावलीतली बाजू दिसते, पूर्वेकडच्या ढगावर मात्र सरळ ऊन पडतं. तोच ढग एका गावातून कोळसा आणि दुसऱ्या गावातून कापूस दिसू शकतो.

रंगाऐवजी उंची आणि कडा पाहा. विजेच्या खांबाच्या किंवा गच्चीच्या कोपऱ्याच्या रेषेशी ताडून एकच ढग पाच-दहा मिनिटं न्याहाळा. माथा वर सरकतोय आणि कडा कापल्यासारख्या रेखीव आहेत, तर तो अजून वाढतोय. माथ्याच्या कडा विस्कटून तंतुमय झाल्या की वर बर्फाचे स्फटिक तयार झाले असं समजावं. आता तो नुसता क्युम्युलस, म्हणजे कापसाच्या राशीसारखा साधा ढग, राहिला नाही, क्युम्युलोनिम्बस झाला. पुढे तो माथा लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट पसरतो, कारण वरच्या उबदार, स्थिर हवेच्या थराला तो टेकलेला असतो. उष्ण कटिबंधात हे छत साधारण १६ ते १८ किलोमीटर उंचीवर असतं.

दुसरा घोळ नावांचा. १८०२ मध्ये लंडनच्या ल्यूक हॉवर्ड यांनी ढगांना लॅटिन नावं सुचवली: सिरस म्हणजे केसांची बट, क्युम्युलस म्हणजे रास, स्ट्रॅटस म्हणजे थर. पुढे त्यात ‘अल्टो’ आलं, आणि गंमत अशी की लॅटिनमध्ये ‘उंच’ अर्थाचा हा शब्द मधल्या उंचीच्या ढगांना लागतो. आभाळभर पांढऱ्या गोळ्या दिसल्या की लोक गोंधळतात. त्यावर बोटांची युक्ती आहे. हात सरळ लांब धरा आणि क्षितिजापासून बऱ्यापैकी वरच्या गोळ्या बघा. एक गोळी करंगळीच्या रुंदीत झाकली गेली तर सिरोक्युम्युलस, तीन बोटांत मावली तर अल्टोक्युम्युलस, त्याहून मोठी असेल तर स्ट्रॅटोक्युम्युलस.

यातला एक प्रकार मात्र सकाळीच हेरायला हवा. अल्टोक्युम्युलसच्या एका रांगेतून किल्ल्याच्या बुरुजांसारखे छोटे कोंब वर आलेले दिसतात, त्याला कॅस्टेलेनस म्हणतात. तासाभरात तो विरतो आणि आपण ‘आभाळ मोकळं झालं’ म्हणतो. खरं तर मधल्या थरातली हवा अस्थिर आहे, हे तो सांगून गेलेला असतो. जमिनीलगत दमटपणा असेल तर त्या दिवशी दुपारी सावध राहावं.

वाऱ्यावरून काढलेला अंदाजही फसतो. ‘वारा ढगाकडे वाहतोय, म्हणजे ढग लांब जाणार.’ वाढता ढग खालची उबदार हवा स्वतःकडे ओढून घेतो. त्याची वाट मात्र वरच्या थरांतले वारे ठरवतात. म्हणून वारा त्याच्याकडे आणि तो आपल्याकडे, असंही होतं. मग वारा क्षणभर पडतो आणि ढगाच्या बाजूने एकदम गार झोत येतो. तो झोत आल्यावर खिडक्या लावायला फार वेळ मिळत नाही.

ढगाखाली लोंबणारी, जमिनीपर्यंत न पोचणारी पावसाची झालर निरुपद्रवी वाटते. तिला विरगा म्हणतात. थेंब वाटेतच सुकतात, त्याने हवा गार आणि जड होते, खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. पाऊस शून्य, पण पत्रे उडतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक विजेची. प्रकाश दिसल्यापासून गडगडाट येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीनने भागा. तेवढे किलोमीटर वीज लांब. पण उत्तर नऊ-दहा आलं म्हणून बाहेर थांबू नका. पुढची वीज तेवढं अंतर सहज गाठू शकते, कधी डोक्यावर निळं आभाळ असतानाही. गडगडाट ऐकू आला की पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत जायचं. झाड, छत्री आणि चहूबाजूंनी उघडी शेड हे आसरे नव्हेत. पाऊस थांबला तरी शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं आतच राहायचं.

आणि हवामान खात्याला शिव्या घालण्याआधी एक लक्षात घ्या. असा एकेकटा ढग काही किलोमीटर रुंद असतो आणि अर्ध्या ते एका तासात संपतो. ‘काही ठिकाणी गडगडाटासह पाऊस’ असा अंदाज असताना तुमची गल्ली कोरडी राहिली, तर अंदाज चुकला असं होत नाही.

वादळ सरताना ऐरणीच्या पोटाला कधी कधी पिशव्या लोंबतात, त्यांचं नाव मॅमेटस. लोक त्यांनाच सर्वांत जास्त घाबरतात, कारण दिसायला त्या भयंकर असतात. पण पिशव्यांतून टोर्नेडो, म्हणजे सोंडेसारखं फिरतं वादळ, बाहेर पडत नाही. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्या तांबूस होतात. बघा जरूर, फक्त ३० मिनिटं भरेपर्यंत खिडकीच्या आतून.