फुकटात म्युझिक प्रॉडक्शन शिकायचंय? आधी अडचणीचं नाव शोधा

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी भाच्यानं नागपूरच्या इतवारीत मारबतीच्या मिरवणुकीतले ढोल मोबाइलवर रेकॉर्ड केले. गर्दी, शिट्ट्या, कुणाचा तरी धक्का, हे सगळं वगळून कामाचे निघाले जेमतेम सोळा सेकंद. त्यावर बीट चढवायची म्हणून संध्याकाळी घरी आला आणि पहिलाच प्रश्न, "मामा, बीट बनवाचं शिकाचं आहे, क्लास लावू का?"

मी थांबवलं. काही वर्षांपूर्वी मीही असा एक क्लास लावला होता. दोन महिन्यांची फी भरून झाल्यावर कळलं की सरांनी दाखवलेलं जवळपास सगळं त्या सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलच्या सुरुवातीच्या प्रकरणांत आहे. मॅन्युअल अर्थातच फुकट होतं. तेव्हापासून मी या क्रमानं जातो.

१. एकच सॉफ्टवेअर धरा

आठवड्याला गाणी बनवायचं नवं सॉफ्टवेअर टाकणारा मुलगा शेवटी फक्त इन्स्टॉल करायला शिकतो. मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट मिळतं. लॅपटॉप जुना असेल तर बँडलॅब ब्राउझरमध्येच चालतं. एफएल स्टुडिओच्या ट्रायलला मुदत नाही, गाणं एक्सपोर्टही होतं, पण सेव्ह केलेला प्रोजेक्ट विकत घेतल्याशिवाय पुन्हा उघडता येत नाही. म्हणजे एका बैठकीत उरकणार असाल तरच ते सोयीचं. भाच्याला मी रीपर दिलं. ६० दिवस सगळं खुलं असतं, डाउनलोड छोटं आहे आणि पुढं घरगुती वापराचं लायसन्स ६० डॉलरला मिळतं. पेनड्राइव्हवरून फिरणारं क्रॅक व्हर्जन मात्र नको. त्यासोबत काय काय येतं ते लॅपटॉप बसल्यावरच समजतं.

२. यूट्यूबच्या आधी बनवणाऱ्याच्या दारात जा

ही पायरी जवळपास सगळे गाळतात. रीपरच्या साइटवर चारशेहून जास्त पानांचं युझर गाइड पीडीएफमध्ये आहे आणि विषयवार व्हिडिओंचं वेगळं पानही आहे. एफएल स्टुडिओत ज्या खिडकीत अडलात तिथंच एफ१ दाबा, त्याच खिडकीची माहिती उघडते. माऊस एखाद्या बटणावर नेला तरी वर डाव्या कोपऱ्यात त्याचं नाव दिसतं. ते नाव टिपून ठेवा, पुढच्या पायरीत लागणार आहे.

ताल, सूर, कॉर्ड यांचाच पत्ता नसेल तर एबलटन कंपनीचं 'लर्निंग म्युझिक' बघा. ब्राउझरमध्ये चौकोन दाबत दाबत बीट, बेसलाइन, मेलडी कळत जाते. एबलटन विकत घ्यावं लागत नाही, खातंही उघडावं लागत नाही. सिंथ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आवाज तयार करणारं वाद्य, समजून घ्यायचा तर त्यांचंच 'लर्निंग सिंथ्स' आहे. दोन्ही मोबाइलवर चालतात. प्रजापती नगर ते लोकमान्य नगर मेट्रोच्या एका फेरीत एखादा धडा आरामात होतो.

३. अडचणीला तिच्या नावानं हाक मारा

भाचा दोन दिवस "बीट कशी बनवायची" असं टाकून शोधत होता. "काय करून राहिला बे?" विचारलं तर, "व्हिडिओ पाहून राहिलो." दोन दिवसांत त्यानं डोळ्यांनी अकरा गाणी बनवली, हातानं एकही नाही. फुकट माल डोंगराएवढा पडलेला आहे. त्यातून आपल्या कामाचं उपसायचं तर नेमका शब्द हवा. आपण तक्रार करतो आपल्या भाषेत आणि उत्तर ठेवलेलं असतं दुसऱ्याच नावानं.

गाताना हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागून येतो? शब्द आहे लेटन्सी. आवाज फाटतो? क्लिपिंग. प्ले केल्यावर चिरचिर होते? बफर साइज. (बफर म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा. तो मोठा असेल तर आवाज उशिरा येतो, फार लहान असेल तर चिरचिरतो. रेकॉर्डिंगला बफर कमी ठेवायचा, मिक्स करताना, म्हणजे सगळे आवाज एकमेकांत जुळवताना, वाढवायचा.) दोन वाद्यं एकमेकांना दाबतात? मास्किंग. शोधताना हा शब्द इंग्रजी अक्षरांत टाका, पुढं सॉफ्टवेअरचं नाव जोडा आणि हिंदीत हवं असेल तर शेवटी 'हिंदी' लिहा. हिंदीत भरपूर सापडतं, मराठीत अजून कमी.

आता ते ढोल. १२० च्या टेम्पोला चार मात्रांचा एक बार बरोबर २ सेकंदांचा होतो, म्हणजे सोळा सेकंदांत आठ बार बसायला हवेत. भाच्याचे पहिले दोन बार बसले, तिसऱ्यापासून ढोल पुढं पळायला लागले. पळणारच, ढोलवाले काही मेट्रोनोम कानात घालून वाजवत नाहीत. त्यानं शोधलं 'टाइम स्ट्रेच'. उत्तर मिळालं की क्लिपची कड ऑल्ट दाबून ओढायची. ओढली, तर आख्खी क्लिप सारखीच ताणली गेली आणि पळापळ तशीच राहिली. मग गाइडमध्ये 'स्ट्रेच' शब्दावर सर्च मारला, तेव्हा 'स्ट्रेच मार्कर' सापडला. ढोलाच्या ठोक्यावर कर्सर नेऊन शिफ्ट आणि डब्ल्यू दाबायचं, मग तेवढाच ठोका सरकवायचा. दोन दिवसांत न सुटलेलं काम अर्ध्या तासात झालं.

४. व्हिडिओ बघायची रीत

व्हिडिओतलं व्हर्जन आधी तपासा. मेनू जुना असेल तर तासभर नसलेलं बटण शोधत बसाल. लांब व्हिडिओ असेल तर ट्रान्सक्रिप्ट उघडून त्यात आपला शब्द शोधा आणि थेट तिथं जा. बघताना सॉफ्टवेअर शेजारी उघडं हवं.

५. सरावाला कच्चा माल

मिक्सिंग शिकायला माइक सीनियर यांच्या केंब्रिज म्युझिक टेक्नॉलॉजी या साइटवर शेकडो गाण्यांचे सुटे ट्रॅक सरावासाठी फुकट आहेत. मोबाइल डेटावर असाल तर आख्खं गाणं न घेता छोटा तुकडा घ्या. सुटे आवाज फ्रीसाउंडवर मिळतात, मात्र प्रत्येक आवाजाचं लायसन्स वेगळं असतं. सीसी झिरो असेल तर मोकळं रान. ॲट्रिब्यूशन असेल तर नाव द्यावं लागतं. नॉनकमर्शियल असेल तर कमाईच्या गाण्यात घालायचं नाही. सिंथ म्हणून व्हायटलचं फुकट व्हर्जन किंवा सर्ज एक्सटी, दोन्ही उत्तम.

आणि घरी माइक लावणार असाल तर कूलर बंद. मे महिन्यात नागपुरात हे सांगणं क्रूरपणाचं आहे, मान्य. पण त्या घरघरीला काढायला जो प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम, लावाल तो गळाही थोडा खातो. पहाटे पाचला उठा, गाऊन घ्या, मग कूलर लावून मिक्स करा.

भाच्यानं शेवटच्या दोन बारांतले ठोके मुद्दाम थोडे पळते ठेवले. सगळे बसवले की मारबतीचे वाटत नव्हते म्हणाला. परवा त्यानं बेस जोडला आणि मला हेडफोन दिला. "मामा, बेस ढोलाखाली दबून राहिला." मी तोंड उघडायच्या आत त्यानंच पुढं म्हटलं, "मास्किंग ना? पाहतो." आणि गाइड उघडून बसला.