पिल्लाला दूध पाजू नका, आणि कडुलिंबाखालचे भुंगेरेही वेचू नका

वळवाचे दोन पाऊस झाले की कोल्हापुरात वारा सुटतो, फांद्या मोडतात, घरटी खाली येतात आणि माझा फोन सुरू होतो. "साळुंखीचं पिल्लू सापडलंय, दूध पाजलंय, तरी मान टाकतंय ओ." दूध पाजलंय म्हणूनच टाकतंय. पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही. जुलाब लागतात, अंगातलं पाणी जातं, आणि चोचीतून ओघळलेल्या दुधानं गळ्याची कोवळी पिसं चिकटून बसतात ती वेगळीच.

दूध सोडलं तर लोक भात, चपाती, बिस्किटावर येतात. चिमणी दाणे टिपते म्हणून तिच्या पिल्लालाही कण्या! अहो, तीच चिमणी पिल्लांना सुरुवातीला अळ्या आणि किडे भरवते. चिमणीचं पिल्लू साधारण दोन आठवड्यांत घरट्याबाहेर पडतं. तेवढ्या वेळात अख्खा सांगाडा उभा करायचा तर प्रथिनं हवीत, कॅल्शियम हवं. भात-चपातीत कॅल्शियम नावापुरतं असतं आणि फॉस्फरस त्याहून जास्त, त्यामुळे हाडं आणखी कच्ची राहतात. राजारामपुरीतल्या एका घरात चपातीवर वाढवलेली साळुंखी पाहिली. अंगानं गुबगुबीत, आवाज खणखणीत, पण दोन्ही पाय बाहेरच्या बाजूला वाकलेले. घरमालक म्हणाले, "वजन बघा की, खाऊन-पिऊन मस्त हाय." ती साळुंखी शेवटपर्यंत फांदीवर बसली नाही.

म्हणून माझ्याकडे अंड्याची टरफलं कायम असतात. उकळायची, उन्हात खडखडीत वाळवायची, मिक्सरला पीठ करायचं आणि किड्यावर चिमूटभर लावून द्यायची. चिमूटभरच. लवकर वाढावं म्हणून चमचाभर घालणारेही भेटलेत. होला-पारव्याची गोष्ट निराळी. त्यांचे आईबाप गळ्यातल्या पिशवीत तयार झालेला दुधाळ चोथा भरवतात, तिथे किडे चालत नाहीत.

आता माझ्या खऱ्या रागाचा विषय. आपला ऊसपट्टा, त्यामुळे हुमणी, म्हणजे उसाची मुळं खाणारी अळी, आलीच. पहिल्या पावसानंतर तिचे भुंगेरे, म्हणजे वाढ पूर्ण झालेले किडे, संध्याकाळी जमिनीतून निघून कडुलिंबावर, बाभळीवर पाला खायला जमतात आणि शेतकरी त्या झाडांवर फवारणी करतो. नेमके हेच दिवस साळुंखीच्या पिल्लांचे. करवीर तालुक्यातल्या एका हौशी पोरानं घरट्यातून पडलेली तीन पिल्लं सांभाळायला घेतली होती. किडे खायला घालतात एवढं त्याला कळलं होतं, पण नाकतोडे धरायला माळावर कोण जाणार? सकाळी कडुलिंबाखाली भुंगेऱ्यांचा सडा पडलेला, काही अजून पाय हलवत होते. त्यानं पेलाभर वेचले आणि घातले. दुपारी मला बोलावलं तेव्हा चोचीतून लाळ गळत होती, पंख थरथरत होते, एकाची मान मागे वळून ताठ झाली होती. डॉक्टरांकडे नेईपर्यंत दोन गेली, तिसरं रात्री गेलं. काही कीटकनाशकं मज्जातंतूंवर काम करतात. एवढ्याशा जिवाला किड्यावरचा अंशही भारी पडतो. "पण भुंगेरे जिवंत होते," असं तो म्हणत राहिला. फवारलेला किडा लगेच मरतोच असं नाही. सहज हाताला लागतो तो बहुधा विषानं सुस्तावलेलाच असतो.

मी फक्त फवारणी न झालेल्या माळावरचे, उडी मारून पळणारे नाकतोडे घेतो. रात्री दिवा लावून किडे पकडतात त्या प्रकाश सापळ्यातले किडेही नकोत, खालच्या पाण्यात रॉकेल असतं. परसातल्या जास्वंदीत बुलबुलाचं घरटं असेल तर पिल्लं उडेपर्यंत त्यावरची मावा कीड तशीच राहू द्या, फवारू नका. जास्वंद त्यानं मरत नाही.

बाकीचं थोडक्यात. ड्रॉपरनं चोचीत पाणी सोडू नका, श्वासाचं भोक जिभेच्या मागेच असतं, पाणी थेट फुप्फुसात जातं. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब, मग अन्न, कारण थंड अंगात काही पचत नाही. अंगभर पिसं आलेलं, आखूड शेपटीचं, उड्या मारणारं पिल्लू उचलूच नका, मांजर तेवढं घरात कोंडा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, हे खोटं. घरटं दिसत असेल तर पिल्लू परत ठेवा. नाहीतर वनविभागाला १९२६ वर फोन लावा. जंगली पक्षी घरी पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही, आणि दोन मिनिटांचा व्हिडिओ बघून पिल्लू जगवताही येत नाही.

चिमण्यांसाठी पेटी लावणाऱ्यांनी एक बघावं. जुन्या वाड्याच्या दाराची फळी वापरली तर तिच्यावरच्या रंगाचे पोपडे पडतात. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आली, त्याआधीच्या रंगात किती असेल सांगता येत नाही. शिसं पोटात गेलं की कॅल्शियमच्या जागी हाडात जाऊन बसतं, आणि अन्नात कॅल्शियम कमी असलेल्या पिल्लाच्या अंगात ते जास्तच मुरतं. असली फळी घासायलाही बसू नका, ती धूळ तुमच्या पोरांच्या नाकात जाते. कोरं लाकूड आणा आणि आतून रंग लावू नका.