रत्नागिरी नीट बघायची तर: दोन दिवसांची आखणी

रत्नागिरीला येणारे बहुतेक जण खरं तर गणपतीपुळ्याला येतात. शहरात गाडी थांबते ती जेवायला, फार तर थिबा पॅलेससमोर फोटो काढायला. माझं म्हणणं उलट आहे. मुक्काम शहरात ठेवा, पुळ्याला जाऊन या आणि दिवसाचं वेळापत्रक समुद्राला विचारून ठरवा.

१. आधी महिना ठरवा

हवा सुखाची हवी असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये घामाने जीव जातो, पण हापूसही तेव्हाच. दोन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. सड्यावरची, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरची, रानफुलं बघायची तर ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबर गाठा. फाल्गुनात शिमग्याला ग्रामदैवत श्री देव भैरीची पालखी निघते, तेव्हा शहराची रंगत काही और असते. मासेखाऊंनी जून-जुलै टाळावा. यांत्रिक बोटींना बंदी असते, मिरकरवाडा बंदरात होड्या नांगरून पडलेल्या असतात आणि ताटातली सुरमई बर्फातली असण्याचीच शक्यता जास्त. गणेशोत्सवात मात्र पर्यटनाला येऊच नका. ते दिवस चाकरमान्यांचे. तिकीटही मिळायचं नाही.

२. मग तारीख नाही, तिथी बघा

हे काम बहुतेक कोणी करत नाही, आणि सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. भिंतीवरचं कॅलेंडर काढा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी.

आता याचा उपयोग बघा. पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपास आलात तर संध्याकाळी पाच-साडेपाचला पाणी पार आत गेलेलं असतं. सूर्य मावळताना शहराजवळच्या भाट्ये किनाऱ्याची ओली, घट्ट वाळू लांबवर चालायला मोकळी मिळते. अष्टमीच्या आसपास आलात तर तीच वेळ भरतीची. तेव्हा भाट्याला जाऊन फारसं काही नाही, सरळ शहरातल्या मांडवी किनाऱ्याच्या जेट्टीवर जा आणि धक्क्यावर आपटणाऱ्या लाटा बघा. हिशेब ढोबळ आहे, फिरण्यापुरता ठीक. पाण्यात उतरायचं तर स्थानिक कोळ्यांनाच विचारा.

३. तिकीट

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. सुट्ट्यांच्या दिवसांत पहिल्याच दिवशी काढलेलं बरं. मुंबईहून जनशताब्दी पहाटे निघते आणि दुपारच्या जेवणाआधी पोहोचवते. कोकणकन्या रात्रीची, पण ती पहाटे उतरवते, तेव्हा खोली लवकर मिळेल का हे आधी विचारून ठेवा. मांडवी एक्स्प्रेस सगळ्यात सावकाश, पण डब्यात सतत काहीतरी खायला येत राहतं म्हणून तिचे भक्त वेगळेच. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, गाड्या हळू धावतात, तेव्हा जुन्या वेळांवर विसंबू नका. स्टेशन शहराबाहेर कुवारबावला आहे, पुढे रिक्षा. मुंबई-गोवा महामार्गाने गाडी घेऊन येणाऱ्यांनी हातखंबा तिठ्यावर वळायचं. कोल्हापूरकरांना आंबा घाट.

४. पहिला दिवस शहराचा

ऊन चढायच्या आत रत्नदुर्ग उरका. घोड्याच्या नालासारखा हा किल्ला तीन बाजूंनी समुद्रात घुसला आहे. भगवतीच्या देवळापुढे तटावर उभं राहिलं की खाली बंदर आणि पलीकडे मिऱ्याचा डोंगर दिसतो. तिथून गावात उतरा. टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर आहे (जन्म २३ जुलै १८५६). भागोजीशेठ कीरांनी पैसा घातलेलं आणि सावरकरांच्या पुढाकाराने १९३१ साली सर्व हिंदूंना खुलं झालेलं पतितपावन मंदिरही शहरातच.

थिबा पॅलेस दुपारी ठेवा, आणि दिवस सोमवार नाही ना हे बघा. सोमवारी आतलं वस्तुसंग्रहालय बंद असतं. इथे घाई करू नये असं मला मनापासून वाटतं. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. इंग्रजांनी १८८५ साली त्याला गादीवरून उतरवलं आणि पुढच्या वर्षी इथे आणून ठेवलं. हा वाडा तयार झाला तो १९१० च्या सुमाराला, तोवर त्याची जवळजवळ निम्मी हयात कैदेत गेलेली. १९१६ साली तो इथेच वारला. त्याची समाधी शहरातच आहे. २०१२ साली म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला आले ते या राजासाठीच. आपले लोक मात्र बाहेरून सेल्फी काढून परततात. वाडा बघून झाला की जवळच थिबा पॉइंट आहे. खाली काजळी नदीची खाडी आणि भाट्याचा पूल दिसतो. तिथून मावळतीला भाट्ये की मांडवी, ते तिथी सांगेल.

५. दुसरा दिवस: उत्तर किंवा दक्षिण, दोन्ही नाही

उत्तरेला जायचं तर किनाऱ्याच्या रस्त्याने, आरे-वारेवरून. पुळं सुमारे २५ किलोमीटर. निवळीवरून जाणारा रस्ता लांबचा आणि त्यावर समुद्र दिसत नाही. आरे-वारेला वरच्या वळणावर थांबून खाली बघणं पुरे, पाण्यात खोल जाऊ नका. पुळ्याचा समुद्रही तितकाच फसवा. दर्शन, डोंगराची प्रदक्षिणा, मग मालगुंडला केशवसुतांचं स्मारक, आणि परत.

दक्षिणेला पावस: स्वामी स्वरूपानंदांचं समाधिमंदिर, वाटेत गणेशगुळे, पुढे मुचकुंदीच्या मुखावरचा पूर्णगड. गर्दी नको असणाऱ्यांनी हीच बाजू घ्यावी.

तिसरा दिवस हाताशी असेल तर उक्षीची कातळशिल्पं. जांभ्याच्या सड्यावर कोरलेला भलाथोरला हत्ती आहे. कोकणातली अशी शिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. तिरप्या उन्हात रेषा उठून दिसतात, म्हणून सकाळी लवकर किंवा चारनंतर जा. भर दुपारी सडा तापतो आणि सावली नावाला नाही.

६. खाणं आणि खरेदी

मेनूकार्ड बाजूला ठेवून "आज ताजं काय आलंय?" एवढं विचारा. बांगडा ताजा असेल तर पापलेटच्या मागे लागू नका. शाकाहारी मंडळींनी घरगुती खाणावळ शोधावी: कुळथाची पिठी, भात, सोलकढी, आधी सांगितलंत तर उकडीचे मोदक.

आंबा घेताना पिवळाधमक रंग बघून भुलू नका. देठाशी नाक लावा, वास यायला हवा. घरी न्यायची पेटी पिकलेल्या आंब्यांची नको, चार-पाच दिवसांत पिकतील अशा फळांची मागा. वरचा थर बघून पैसे देऊ नका, खालचा थर उघडून दाखवायला सांगा. चांगला बागायतदार त्याला नाही म्हणत नाही.