ब्लेरियोचं मोनोप्लेन (पंखांची एकच जोडी असलेलं विमान) बनवताय? या चुका टाळा

२५ जुलै १९०९ रोजी फ्रेंच वैमानिक लुई ब्लेरियोने ज्या विमानाने इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्समधल्या कॅलेहून इंग्लंडमधलं डोव्हर गाठलं, ते विमान म्हणजे 'ब्लेरियो ११'. बाल्सा या हलक्या लाकडाची उडती मॉडेल्स करणाऱ्यांना त्याचा मोह होतोच. पण निव्वळ फोटो बघून कामाला लागलात तर मॉडेल पडणार. फोटोत दिसतं ते सगळं मागच्या अपघातांतून आलेलं आहे.

सर्वात मोठी चूक पंखांना वरून-खालून बांधलेल्या तारांची. खालच्या तारा उड्डाणात पंखांना धरतात, तर वरच्या फक्त जमिनीवर त्यांचं वजन पेलतात, असाच तेव्हाही समज होता. म्हणून वरच्या तारा कमजोर राहिल्या. विमान एकदम सूर मारायला लागलं की हवा पंखांना खाली दाबते आणि सगळा भार वरच्या तारांवर येतो. पंख मोडून माणसं गेली. १९१२ मध्ये खुद्द ब्लेरियोनेच फ्रेंच लष्कराला हे कारण कळवलं. धंद्याचं नुकसान पत्करून खरं सांगितलं, हे मला त्या खाडी ओलांडण्याइतकंच मोठं वाटतं. तेव्हा मॉडेलवर शोभेचा दोरा चिकटवू नका. वरच्या तारा वैमानिकासमोरच्या खांबांना घट्ट बांधा आणि दोन्ही बाजूंचा ताण सारखा ठेवा. विमान सतत एकाच बाजूला कलत असेल तर मोटारीला दोष देण्याआधी पंखाला पीळ पडलाय का ते बघा.

दुसरी गडबड शेपटीची. मूळ विमानाची आडवी शेपटी वक्र होती, म्हणजे तीही थोडा भार उचलायची. सूर मारताना हीच शेपटी नाक आणखी खाली ढकलते. मॉडेलला सपाट शेपटी लावा आणि गुरुत्वमध्य पुढे घ्या. मूळ विमानाच्या नाकावर अंझानी बनावटीच्या तीन सिलिंडरच्या इंजिनाचं लोखंडी धूड होतं. आपली विजेची मोटार त्यामानाने हलकी, म्हणून बॅटरी अगदी पुढे सरकवा.

मूळ विमान पंख पिळून वळायचं. पहिल्याच मॉडेलला ते करू नका, रडर (शेपटीवरचं उभं सुकाणू) पुरे. पंखांची टोकं मात्र थोडी वर उचललेली हवीत, नाहीतर नुसत्या रडरने ते कलणार नाही.

आणि दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदला. ब्लेरियोने १९०७ या एका वर्षात पुढे शेपटीचं, एकामागे एक पंखांचं आणि मागे शेपटीचं अशी तीन वेगळी विमानं उडवली, तिन्ही मोडली. त्याच्याकडे मोटारगाड्यांच्या दिव्यांच्या धंद्याचा पैसा होता, म्हणून त्याला ते परवडलं.