इमोबिलायझरची मेमरी उडाली म्हणण्याआधी

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑटो इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली लागलात, की ही गाडी लवकरच पुढ्यात येते. सेल्फ फिरतो, इंजिन धरतं आणि दोन सेकंदांत बंद पडतं, मीटरवरचा किल्लीचा दिवा लुकलुकतो. लगेच इमोबिलायझरचं, म्हणजे ओळखीची किल्ली नसेल तर इंजिन चालू न देणाऱ्या यंत्रणेचं, मॉड्यूल उघडायची घाई नको.

आधी बॅटरी बघा. गाडी बंद असताना १२.४ व्होल्टच्या वर हवी, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. मग दुसरी किल्ली लावा. किल्लीतल्या चिपला स्वतःचा सेल लागत नाही. लॉकभोवतीची कॉइल तिला जागं करते, बहुतेक गाड्यांत १२५ किलोहर्ट्झवर. त्यामुळे रिमोटचा सेल बदलून इथे काही साधत नाही.

स्कॅनरवर पी०५१३ हा फॉल्ट कोड आला तर किल्ली ओळखली गेलेली नाही. यू०१६७ म्हणजे इमोबिलायझरशी संपर्कच तुटलाय. मग बॅटरी सोडवा आणि ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर लावतो त्या) ६ व १४ नंबर पिनांत, म्हणजे मॉड्यूल ज्यांवरून एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरींत, ६० ओहम मिळतात का बघा. १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर किंवा तिकडची वायर गेली. पी०६०१ हा खरा मेमरीचा कोड, पण तो कुठल्या मॉड्यूलने दिलाय ते वाचा. बहुधा ईसीएमचाच, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या मॉड्यूलचाच, निघतो.

एवढं झाल्यावरच बोर्ड. २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्यांत चिपच्या पायांवर हिरवट गंज दिसतो, आणि तो हुबेहूब मेमरी गेल्यासारखा वागतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ करा, पूर्ण वाळू द्या.

मेमरीची चिप आठ पायांची ९३सी६६ असेल तर आत ५१२ बाइट. सहावा पाय ८ की १६ बिट ते ठरवतो. प्रोग्रामरवर, म्हणजे चिप वाचायच्या-लिहायच्या यंत्रावर, उलटं निवडलं की चांगला डेटाही कचरा दिसतो. सगळीकडे एफएफ (रिकाम्या बाइटची खूण) आलं तर चिप कोरी समजू नका, आधी चिपला लावलेली प्रोग्रामरची क्लिप नीट बसवा. क्लिपमधून जाणाऱ्या व्होल्टेजने बोर्डावरचा प्रोसेसरही जागा होतो आणि वाचन बिघडवतो. तीनदा वाचा. तिन्ही फाइल जुळल्या नाहीत तर चिप उतरवून वाचा; तरीही बदलत राहिल्या तर चिप गेली. वाचन स्थिर, पण किल्लीच्या नोंदीच्या दोन प्रती एकमेकींशी जुळत नाहीत, असं दिसलं तर लिहिता लिहिता व्होल्टेज पडलं असणार.

मूळ फाइल जपून ठेवल्याशिवाय एक बाइटही लिहायचा नाही. आणि आरसी बुक न बघता किल्लीच्या कामाला हातच लावू नका, गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो. लिहून झालं की परत वाचून ताडा, दोन्ही किल्ल्यांनी गाडी लावा, दहा मिनिटं बंद ठेवून पुन्हा लावा.