कॅम्पर व्हॅनमधून सातारा जिल्हा: टाकी कुठे भरायची, कुठे सोडायची

कॅम्पर व्हॅन, म्हणजे झोपणं-स्वयंपाक-संडास आतच असलेली गाडी, घेऊन सातारा जिल्हा फिरायचा तर आधी पाण्याचा हिशोब, मग देवळं आणि धबधबे. जिल्ह्याचे सरळ दोन भाग पडतात. पश्चिमेला जावळी, पाटण, महाबळेश्वर: पाणी उदंड, पण रस्ता म्हणजे घाट. पूर्वेला माण-खटाव: रस्ता सोपा, पण उन्हाळ्यात गावालाच टँकरची वाट बघावी लागते, तिथे तुमच्या टाकीत कोण पाणी ओतणार?

पाणी लिटरला किलोभर. १०० लिटरची टाकी भरून यवतेश्वरचा घाट चढणं म्हणजे दीड माणूस उगाच वर नेणं. अर्धी टाकी तर आणखी वाईट, कारण वळणावर पाणी एका अंगाला धावतं आणि गाडी डुलते. म्हणून पश्चिमेला निघताना टाकीत १५-२० लिटरच ठेवा, बाकी वर पोचल्यावर भरा. पूर्वेला जाताना उलटं. पंढरपूर रस्त्याने कोरेगाव सोडा, वर्धनगडचा घाट ओलांडा आणि पुसेगावात टाकी काठोकाठ भरून घ्या. पुढे दहिवडी, गोंदवले, म्हसवड अशी वाट आहे.

चार माणसांना रोज किती लागतं? अर्धी बादली आंघोळ म्हणजे माणशी ८ लिटर, एकूण ३२. स्वयंपाक-भांडी १५, संडास ८, हात-तोंड ५. साठ झाले. १०० लिटर दीड दिवस पुरतात, त्याहून जास्त नाही. पिण्याचा २० लिटरचा जार वेगळा ठेवा, टाकीचं पाणी पिऊ नका. भरायला स्वतःचा १५ मीटर पाईप न्या. पंपावरचा पाईप कुठे लोळलेला असतो ते आपल्याला ठाऊक नसतं.

संडासाच्या कॅसेटची, म्हणजे मैला साठवणाऱ्या, काढून रिकाम्या करायच्या डब्याची, गंमत अशी की तिचा हिशोब कागद वापरणाऱ्यांसाठी केलेला असतो. आपण पाणी वापरतो. दरवेळी अर्धा-पाऊण लिटर जास्तीचं जातं, आणि तीन दिवस चालेल म्हणून सांगितलेली २० लिटरची कॅसेट दुसऱ्या सकाळी काठाला येते. मोठा तांब्या काढून टाका, हँड शॉवर लावा. कॅसेटमध्ये घालायचं औषध फॉर्मालिन नसलेलं घ्या, नाहीतर ज्याच्या सेप्टिक टँकमध्ये ओताल त्यातले जंतू मरतील. ओतायचं ते विचारून, सार्वजनिक शौचालयातच. ओढा किंवा विहिरीच्या जवळपास अजिबात नाही.

विजेचं थोडक्यात. १०० अँपिअर-अवरची लेड अॅसिड बॅटरी निम्मीच वापरायची, म्हणजे हातात ५० उरतात. छोटा बारा व्होल्टचा फ्रिज दिवसाला ३०-४० खातो, रात्रभराचा पंखा १२-१५. संपलं. ५०० वॅटचा मिक्सर इन्व्हर्टरवर लावलात तर बॅटरीतून पन्नासेक अँपिअर ओढले जातात; वायर बारीक असेल तर तापते आणि इन्व्हर्टर बोंबलून बंद पडतो. वाटण घरूनच करून न्या, ठेच्याला खलबत्ता आहे.

सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला की तळाशी साचतो. म्हणून हवेचं भोक आणि गॅसचा अलार्म दोन्ही जमिनीलगत हवेत. डिसेंबरात महाबळेश्वरला थंडी वाजते म्हणून काचा लावून शेगडी पेटती ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ.

घाट ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. पाय सतत ब्रेकवर राहिला की ब्रेक तापतात. ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर त्यात ओल धरलेली असते, ती उकळते आणि पेडल मऊ पडतं. तसं वाटलं तर मोकळ्या जागी थांबा, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा आणि अर्धा तास जाऊ द्या. तापलेल्या ब्रेकवर पाणी मारू नका, तडा जातो. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणाऱ्या आंबेनळी घाटात भर पावसात जाऊच नका. दरडी कोसळतात, आणि मोठी गाडी मागे वळवायला जागा मिळत नाही. त्यापेक्षा कराड-पाटणवरून कोयनानगर बरं.

नोव्हेंबर ते मार्च उसाचा हंगाम. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर वाढ्याखाली, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्याखाली, झाकलेला. अंधारात समोर काळी भिंत दिसते तेव्हा ब्रेक लागायला उशीर झालेला असतो. दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठा. छतावरच्या सोलर पॅनेलसकट गाडीची उंची मोजून डॅशबोर्डवर लिहून ठेवा. वडाच्या पारंब्या, यात्रेच्या पताका आणि मांडवाच्या दोऱ्या नकाशावर नसतात.

मुक्कामाला देवस्थानचं आवार किंवा पेट्रोल पंप चांगला. "तात्या, रातच्याला गाडी हितं लावली तर चालंल का?" एवढं विचारलं की बहुतेक ठिकाणी जागा मिळते, वर चहाही. उसाच्या फडाच्या कडेला मात्र लावू नका. वरून कोरडी दिसणारी काळी माती पाटाचं पाणी पिऊन बसलेली असते. उतरून टाच जोरात रोवा. बोटभर रुतली तर तिथे साडेतीन टनाची गाडी सकाळी ट्रॅक्टरनेच निघेल. मुरमाड जागा शोधा, आणि तोंड रस्त्याकडे करूनच लावा.