लॉनचे बी पेरण्यापूर्वी मातीचे तापमान मोजा

अमेरिकेच्या ईशान्य भागात, उदाहरणार्थ न्यू जर्सीत, लॉनचे बी कधी टाकावे हे कॅलेंडर किंवा हवेचे तापमान पाहून ठरवू नये, कारण हवा दोन दिवसांत तापली तरी माती सावकाशच तापते आणि बी रुजते ते मातीच्या उबेवर. मातीत खुपसण्याचा साधा थर्मामीटर सुमारे ५ सेंटिमीटर खोल रोवून सलग चार-पाच दिवस सकाळी नोंद घ्यावी. उन्हातली आणि सावलीतली जागा वेगवेगळी मोजावी.

केंटकी ब्लूग्रास, टॉल फेस्क्यू आणि पेरेनियल रायग्रास या लॉनसाठी पेरल्या जाणाऱ्या गवतांना मातीचे १० ते १८ अंश सेल्सिअस तापमान मानवते. रायग्रास आठवड्याभरात उगवते, ब्लूग्रासला मात्र दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून तेवढे दिवस वरचा थर ओलसर ठेवण्याची तयारी हवी.

वसंतात माती १३ अंशांच्या आसपास काही दिवस टिकली की क्रॅबग्रास हे तणही उगवू लागते. त्याला रोखणारे उगवणपूर्व तणनाशक त्याआधी टाकावे लागते, पण अशी बहुतेक तणनाशके लॉनच्या बियांनाही रुजू देत नाहीत; त्यामुळे त्या हंगामात तणनाशक किंवा पेरणी यांपैकी एकच निवडावे. माझ्या मते पेरणीसाठी ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हाच काळ उत्तम, कारण तेव्हा माती अजून उबदार असते, तणांचा जोर ओसरतो आणि थंडीपूर्वी मुळे धरायला पुरेसा अवधी मिळतो.